नऊ जणांच्या ग्रुपसाठी इलेक्ट्रॉनिक लॅब नोटबुक: सुरुवात कुठून करू?

हातपंप_नागपूर

नमस्कार. नागपुरात आमचा नऊ जणांचा ग्रुप आहे. काम भूजलातल्या फ्लोराइडवर, सॅम्पल बहुतेक यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या हातपंपांचे. माझं पीएचडीचं चौथं वर्ष चालू आहे. "यंदा वह्या कॉम्प्युटरवर आणा" हे काम सरांनी माझ्याकडे दिलंय.

ही वेळ का आली ते आधी सांगते. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, तेव्हा आमच्या एका सीनियर ताईच्या तळमजल्यावरच्या खोलीत पाणी शिरलं. थीसिस लिहायला नेलेल्या पाच वह्या तिथेच होत्या. बॉलपेनचं लिहिलेलं वाचता आलं, शाईच्या पेनाचं सगळं निळं पाणी झालं. पानापानांत टिश्यू घालून दोन दिवस पंख्याखाली वाळवत बसलो होतो.

पण खरं दुखणं नंतर कळलं. एका रिव्ह्यूअरने २०२१च्या आलेखामागचं कॅलिब्रेशन मागितलं. ती रीडिंग घेणारा मुलगा आता परदेशात आहे. त्याची वही अगदी कोरडी, अक्षर मोत्यासारखं. त्या तारखेला एकच ओळ: "इलेक्ट्रोड कॅलिब्रेट केला, नेहमीप्रमाणे." स्लोप (फ्लोराइड दसपट बदलला की इलेक्ट्रोडचे मिलिव्होल्ट किती बदलतात ते) किती आला, स्टँडर्ड (माहीत असलेल्या फ्लोराइडची द्रावणं) कोणते घेतले, काही नाही. खाली बॅलन्सची (वजनकाट्याची) प्रिंट चिकटवलेली, पण कागद थर्मल, नागपूरच्या उन्हाळ्यांत पार पांढरा पडलेला. मी ती चिठ्ठी खिडकीशी धरून तिरपी करकरून पाहिली. एक आकडाही दिसला नाही. तो आलेख आम्ही पेपरमधून काढला.

आता विचारायचं ते असं. सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं? डेटा बाहेरच्या कंपनीकडे ठेवायला सर तयार नाहीत, मग सर्व्हर स्वतः चालवणं आमच्यासारख्यांना जमतं का? सह्यांचं काय करायचं? सर अजून दर शुक्रवारी प्रत्येक पानावर सही करतात, पेटंटसाठी लागेल म्हणून. आणि कपाटातल्या साठेक जुन्या वह्यांचं काय?

सरकी

ताई, मी इथेच एका कापसाच्या ग्रुपमध्ये आहे. तीन वर्षांपासून ईलॅबएफटीडब्ल्यू वापरून राहिलो आहोत. पॅरिसच्या इन्स्टिट्यूट क्यूरीमध्ये सुरू झालेलं हे सॉफ्टवेअर आहे, मुक्त स्रोत, फुकट. डॉकरवर (सॉफ्टवेअर लागणाऱ्या सगळ्या सामानासकट बसवायचं साधन) चालतं, खाली मायएसक्यूएल डेटाबेस. नऊ माणसांना साधा डेस्कटॉपही पुरतो, फक्त तो कोणाच्या रोजच्या वापरातला नको. आमच्याकडे पहिल्या वर्षी त्यावर एक जण गाणीही डाउनलोड करायचा. ते बंद केलं तेव्हा कुठे मशीन स्थिर झालं.

सर्व्हर जमतो. पण बॅकअपची गोष्ट नीट ऐका, कारण आमचे अकरा दिवस गेलेत. रोज रात्री दोनला बॅकअप होत होता, लॉगमध्ये सगळं ठीक दिसायचं. मे महिन्यात लाईट जाऊन-येऊन हार्ड डिस्क बसली, तेव्हा कळलं की बॅकअप त्याच डिस्कच्या दुसऱ्या पार्टिशनवर जात होता. जुनी प्रत होती म्हणून अकरा दिवसांवरच निभावलं. त्यातही नुसता डेटाबेस होता, जोडलेल्या फायली नव्हत्या. ईलॅबमध्ये डेटाबेस वेगळा, अपलोड केलेल्या फायलींचं फोल्डर वेगळं आणि कॉन्फिगरेशनची फाइल वेगळी. तिन्ही लागतात. आता रोजची प्रत दुसऱ्या इमारतीतल्या मशीनवर जाते, आणि दर तीन महिन्यांनी मी एका रिकाम्या कॉम्प्युटरवर सगळं परत उभं करून पाहतो. उभं राहिलं तरच त्याला बॅकअप म्हणायचं. यूपीएस तर पहिल्या दिवशीच घ्या.

सह्यांबद्दल. अमेरिकेत आधी शोध कोणी लावला यावर पेटंट ठरायचं, म्हणून वहीच्या पानावर साक्षीदाराची सही इतकी मोलाची होती. तिथेही १६ मार्च २०१३पासून आधी अर्ज करणाऱ्याचा हक्क धरतात. आपल्याकडेही आधी अर्ज करणाऱ्यालाच प्राधान्य आहे. तरी सरांचं शुक्रवारचं वाचन थांबवू नका. ते वाचतात म्हणून मुलं लिहितात. ईलॅबमध्ये पूर्ण झालेली नोंद लॉक करता येते, आणि आरएफसी ३१६१ या इंटरनेटच्या मानकाप्रमाणे टाइमस्टॅम्पही (वेळेचा शिक्का) लावता येतो. म्हणजे ही नोंद अमुक वेळी अशीच होती, असं तिसरी संस्था प्रमाणित करते. नंतर एक अक्षर बदललं तरी पडताळणीत दिसतं.

पेशीद्रव्य

प्लाझ्मिड, प्रायमर, सीक्वेन्स असं डीएनएचं काम असतं तर मी बेंचलिंग ही ऑनलाइन नोटबुक सांगितली असती. शैक्षणिक ग्रुपला ते फुकट मिळतं आणि त्या कामाला फार सोयीचं आहे. पाण्याच्या केमिस्ट्रीला त्यातलं अर्धं लागणार नाही, आणि डेटा त्यांच्या क्लाउडवर राहणार, जे तुमच्या सरांना नकोच आहे. काहीही घ्या, पहिल्याच आठवड्यात सगळं बाहेर काढून पाहा. पीडीएफ निघते का, मूळ फायली सुट्या मिळतात का? ईलॅबमधून .ईएलएन फाइलही काढता येते, ती साधी झिप असते. उद्या दुसरीकडे जायचं झालं तर तीच कामी येईल.

सरकी

हे बरोबर. अजून एक, जे मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे. सॉफ्टवेअर बसवायला दोन दिवस लागतात, "नेहमीप्रमाणे" हा शब्द घालवायला वर्ष लागतं. म्हणून टेम्प्लेट आधी कागदावर आखा, तेही सगळ्यांना एका टेबलावर बसवून. तुमच्या इलेक्ट्रोडचंच घ्या. पंचवीस अंशांना स्लोप साधारण ५९ मिलिव्होल्ट यायला हवा. मे महिन्यात एसी बंद पडला, लॅब ३४ अंशांवर गेली, तर तोच ६१च्या आसपास जातो. तापमान लिहिलेलं नसेल तर दोन वर्षांनी कोणाला कळणार की इलेक्ट्रोड बिघडला होता की खोली तापली होती? तेव्हा तापमान, स्लोप, कोणकोणते स्टँडर्ड, टिसॅबचा (सॅम्पलमध्ये घालायच्या बफरचा) लॉट नंबर, हे रकाने सक्तीचे करा. रिकामा ठेवला तर नोंद पूर्ण झाली असं धरायचंच नाही.

आणि बाटलीवरचा नंबर तोच नोंदीचा नंबर. आमच्याकडे पाकिटावर एक नाव, वहीत दुसरं, एक्सेलमध्ये तिसरं होतं. बियाण्याची दोनशे पाकिटं आम्ही शेवटी फेकली. चांगलं बियाणं होतं, पण कोणाचं ते सांगता येत नव्हतं. अजून जीव हळहळतो.

हातपंप_नागपूर

दोघांचेही मनापासून आभार. काल सरांसोबत बसलो. ठरलं ते असं: ईलॅबच घ्यायचं, यूपीएसचं कोटेशन मागवलंय. शुक्रवारचं वाचन चालू राहील, पण सही करण्याऐवजी सर नोंद लॉक करतील. जुन्या वह्या टाइप करत बसायचं नाही. प्रत्येक वहीची पानं स्कॅन करायची आणि एका नोंदीला जोडायची, वर माणूस, काळ आणि सॅम्पलचे नंबर एवढंच. छापून आलेल्या पेपरांमागच्या वह्या आधी. थर्मल चिठ्ठ्या तर आजच सुरू केल्या, अजून ज्या वाचता येतात त्या.

टेम्प्लेटवर दोन तास गेले. सगळ्यात नवी जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलो) म्हणाली, "मला हातपंप किती वेळ उपसला तेही लिहायचं आहे, कोणी विचारतच नाही." तो रकाना घातला.

एक अडचण उरली. गावात नेट नसतं, आणि लॅबमध्ये हातात ग्लोव्ह्ज असतात.

सरकी

गावात कागदच चालू द्या. छापील फॉर्म, पॅडला लावलेला, आणि शिसपेन्सिल. बर्फाच्या पेटीत ओल धरते तरी पेन्सिल पसरत नाही. बाटलीच्या लेबलवरही पेन्सिलच. परत आल्यावर त्याच दिवशी फॉर्मचा फोटो नोंदीला जोडायचा, आकडे दुसऱ्याने भरायचे आणि पहिल्याने तपासायचे.

लॅबमध्ये आम्ही एक जुना टॅब्लेट झिपच्या पिशवीत घालून बेंचवर उभा ठेवतो. नायट्राइल ग्लोव्ह्जने पिशवीवरूनही टच लागतो. पिशवी दर सोमवारी बदलायची, ते काम आमच्याकडे पाळीने आहे.