एडिनबरा पार्कची नोकरी, मुलांच्या शाळा आणि बिऱ्हाड कोठे करावे

कोथरूड, पुणे
११ जानेवारी २०२६

मंडळातील सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

येत्या उन्हाळ्याच्या सुमारास आम्ही सहकुटुंब स्कॉटलंडला येत आहोत. माझ्या यजमानांना एडिनबराच्या पश्चिमेस, एडिनबरा पार्क स्थानकाजवळच्या एका कार्यालयात नोकरी मिळाली असून आठवड्यातून तीन दिवस त्यांना तेथे प्रत्यक्ष हजर राहावे लागेल. थोरली मुलगी जून २०१२ ची, सेमी-इंग्रजी शाळेत आठवीत शिकते. धाकटा सप्टेंबर २०१९ चा, पहिलीत आहे. मी हिशेबाची कामे करते आणि घर मार्गी लागल्यावर तिकडे नोकरी शोधणार आहे.

वर्तमानपत्रांत दरवर्षी येणाऱ्या शाळांच्या क्रमवारीत ईस्ट रेनफ्रूशायरमधील शाळा वरच्या जागी दिसतात, म्हणून आम्ही त्याच भागातील, ग्लासगोजवळच्या न्यूटन मर्न्सला घर पाहत आहोत. तेथून एडिनबरा पार्क सुमारे ७५ किलोमीटर पडते. लोणावळ्याहून लोकलने रोज पुण्याला नोकरीसाठी येणारी माणसे आमच्या ओळखीची आहेत, त्यामुळे तीन दिवसांचा हा प्रवास निभावेल असे यजमानांना वाटते. मुलांच्या शिक्षणासाठी एवढी तोशीस सोसायची आमची तयारी आहे. हा विचार कितपत बरोबर आहे, हे जाणकारांनी कृपया स्पष्टपणे सांगावे.

आपली नम्र,
एक भावी सभासद

लिनलिथगो, वेस्ट लोदियन
१२ जानेवारी २०२६

प्रिय ताई, स. न. वि. वि.

आपण स्पष्टपणे सांगा म्हणालात म्हणून आधी निष्कर्ष लिहिते: एडिनबरा पार्कची नोकरी आणि न्यूटन मर्न्सचे घर यांची सांगड घालू नका. लोणावळ्याहून निघालेला माणूस एकाच गाडीत बसून शिवाजीनगरला उतरतो. येथे तसे होणार नाही. न्यूटन मर्न्समध्ये रेल्वेस्थानक नाही. पॅटर्टन किंवा व्हाइटक्रेग्ज गाठून ग्लासगो सेंट्रल, तेथून पायी क्वीन स्ट्रीट स्थानक, मग एडिनबराकडे जाणारी जलद गाडी, तीही एडिनबरा पार्क ओलांडून शहरातल्या हेमार्केट स्थानकापर्यंत, आणि तेथून ट्रॅमने पुन्हा पश्चिमेला उलटे यायचे. क्वीन स्ट्रीट ते एडिनबरा वेव्हर्ली एवढ्याच टप्प्याला सुमारे ५० मिनिटे लागतात. घराच्या दारापासून कार्यालयाच्या दारापर्यंत दोन तास धरावेत, आणि परतीचे दोन. डिसेंबरात येथे सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो व पावणेचारच्या आत मावळतो. म्हणजे त्या तीन दिवशी मुलांचे वडील अंधारात घर सोडतील आणि मुले जेवून उठल्यावर परततील.

आता शाळांविषयी. येथे आपण शाळा निवडत नाही, पत्ता निवडतो, आणि पत्त्यामागून शाळा येते. प्रत्येक सरकारी शाळेचे ठरलेले क्षेत्र असते, त्याला सगळे कॅचमेंट म्हणतात. त्या क्षेत्रात राहणाऱ्या मुलाचा त्या शाळेवर पहिला हक्क असतो. क्षेत्राबाहेरची शाळा हवी असल्यास कौन्सिलकडे, म्हणजे स्थानिक प्रशासनाकडे, प्लेसिंग रिक्वेस्ट करावी लागते आणि ऑगस्टच्या प्रवेशासाठी तिची मुदत १५ मार्चला संपते. वर्ग भरलेला असेल तर ही विनंती नाकारली जाते. पी-१ मध्ये म्हणजे प्राथमिकच्या पहिल्या वर्गात २५, पी-२ व पी-३ मध्ये ३० आणि त्यापुढे पी-७ पर्यंत ३३ अशी वर्गातील मुलांची कमाल मर्यादा आहे, आणि ती पाळली जाते.

माझा स्वतःचा अनुभव सांगते, कारण तो आम्हाला फार महागात पडला. स्कॉटलंडमधले आमचे पहिले घर दुसऱ्या एका गावी होते. घर दाखवणाऱ्याने ‘शाळा समोरच आहे’ असे सांगितले आणि ते खरेही होते. स्वयंपाकघराच्या खिडकीतून शाळेचे फाटक दिसे. पण कॅचमेंटची रेघ नेमकी आमच्या रस्त्याच्या मधून गेलेली होती. समोरच्या सम क्रमांकांच्या घरांतली मुले त्या शाळेत जात आणि आम्ही विषम क्रमांकाचे, म्हणून आमच्या वाट्याला दीड मैलावरची शाळा आली. विनंती केली, ती ‘वर्ग भरला आहे’ म्हणून फेटाळली गेली. पाच वर्षांच्या मुलीला समोरच्या फाटकावरून रोज पुढे नेताना ‘आई, माझी शाळा ही का नाही?’ हा प्रश्न मी जवळजवळ वर्षभर ऐकला. म्हणून हात जोडून सांगते, भाडेकरारावर सही करण्यापूर्वी कौन्सिलच्या संकेतस्थळावर घराचा पोस्टकोडच नव्हे, तर घरक्रमांकासह पूर्ण पत्ता घालून क्षेत्र तपासा आणि शाळेलाही दूरध्वनी करून विचारा.

वाहतुकीचा मुद्दाही याच्याशी जोडलेला आहे. आठ वर्षांखालील मूल शाळेपासून दोन मैलांहून आणि त्याहून मोठे मूल तीन मैलांहून दूर राहत असेल तर कौन्सिलला त्याची ने-आण मोफत करावी लागते. पण ही सोय आपल्या क्षेत्रातील शाळेपुरतीच असते. स्वतः विनंती करून दूरची शाळा घेतली की तेथे पोहोचवण्याची जबाबदारी सर्वस्वी आपली. पाच ते एकवीस वर्षांच्या मुलांना २०२२ पासून बसप्रवास मोफत आहे, त्यामुळे थोरलीचे भागेल. धाकट्याला मात्र सोबत हवी.

क्रमवारीविषयी माझे मत परखड आहे. वर्तमानपत्रे मुख्यत्वे एकच आकडा पाहतात: किती टक्के मुलांना पाच किंवा अधिक ‘हायर’ (शालान्त वर्षांतील, विद्यापीठ प्रवेशासाठीच्या विषयवार परीक्षा) मिळाले. जेथे सुस्थितीतली, शिकलेली कुटुंबे एकवटतात तेथे हा आकडा वर जातो, मग घरांच्या किमती वाढतात आणि पुन्हा तशीच कुटुंबे तेथे येतात. इंग्रजी बोलण्याची सवय नसलेल्या, वर्गात नव्याने आलेल्या मुलीला कोण सांभाळून घेते, हे त्या आकड्यातून कळत नाही. त्यासाठी सरकारी शाळा-तपासणीचे अहवाल आणि शाळेची माहितीपुस्तिका वाचावी आणि मुख्याध्यापकांना भेटीची वेळ मागावी. सहसा ते आपणहून शाळा फिरवून दाखवतात.

एडिनबरा पार्क धरून मी तीन ठिकाणे पाहीन. लिव्हिंगस्टन हे १९६२ मध्ये नव्या शहराच्या योजनेतून वसवलेले. लिव्हिंगस्टन नॉर्थहून एडिनबरा पार्कला थेट गाडी आहे, घरे तुलनेने परवडतात आणि पायवाटा मोटाररस्त्यांपासून वेगळ्या काढलेल्या आहेत, मात्र गाव इतके पसरट आहे की स्थानकापर्यंत जायलाच बस किंवा मोटार लागते. डन्फर्मलिनच्या गाड्या फोर्थच्या खाडीवरचा १८९० चा पूल ओलांडून एडिनबरा पार्कच्याच बाजूच्या एडिनबरा गेटवे व साउथ गाइल या स्थानकांवर थांबतात. आमचे लिनलिथगो लहान आणि भाड्याने महाग आहे. पण डनब्लेन-एडिनबरा गाडी येथून एडिनबरा पार्कला थेट नेते, आणि ग्लासगो व स्टर्लिंगही याच स्थानकावरून साधारण अर्ध्या तासावर असल्याने आपल्या नोकरीसाठी तीन शहरे खुली राहतील. घर ठरवताना या गोष्टीला बरेच वजन द्यावे असे मला वाटते. बहुतेक कुटुंबे एकाच नोकरीच्या हिशेबाने घर घेतात आणि मग दुसऱ्या व्यक्तीची नोकरी मागे पडते. ती व्यक्ती बहुधा आपणच असतो, ताई.

शुक्रवारचे विसरू नका. एडिनबरा आणि वेस्ट लोदियन येथील शाळा शुक्रवारी दुपारी साडेबाराच्या सुमारास सुटतात. स्कॉटलंडमध्ये सर्वत्र असे नाही. तीन दिवस कार्यालयात कोणते जायचे हे यजमानांच्या हाती असेल, तर शुक्रवार आत्ताच वगळून घ्यावा.

आपली,
लिनलिथगोची एक सभासद

न्यूटन मर्न्स
१३ जानेवारी २०२६

नमस्कार.

वरील पत्राशी मी सहमत आहे, आणि तेही न्यूटन मर्न्सचा रहिवासी म्हणून. येथील शाळांविषयी आम्ही खरोखर समाधानी आहोत. शिक्षक मनापासून शिकवतात, अभ्यासू मुलाला वर्गात एकटे पडल्यासारखे वाटत नाही. परंतु माझे कार्यालय ग्लासगोच्या मध्यभागी आहे आणि मी पाऊण तासात घरी येतो, म्हणून हे सारे जमते. आमच्या शेजारच्या एका गृहस्थांनी दोन हिवाळे मोटारीने एडिनबरा केले. एम-८ महामार्गावर आणि पुढे एडिनबराच्या बायपासवर सकाळी जी कोंडी होते, तिच्यामुळे ते घरून सहाच्या आधी निघत. तिसऱ्या वर्षी त्यांनी घर बदलले आणि मुलांना ऐन माध्यमिकच्या वर्गात शाळा सोडावी लागली. शाळेसाठी घेतलेले घर शेवटी शाळेच्याच मुळावर आले.

मोटारीचा विचार असेल तर हेही ध्यानात घ्या की भारतीय परवान्यावर येथे पहिले १२ महिनेच गाडी चालवता येते; त्यानंतर येथील लेखी व प्रत्यक्ष परीक्षा द्यावीच लागते.

कळावे,
न्यूटन मर्न्सचा एक सभासद

कोथरूड, पुणे
१५ जानेवारी २०२६

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. पत्रे आम्ही दोघांनी एकत्र बसून वाचली आणि न्यूटन मर्न्सचा विचार सोडला आहे. आता लिनलिथगो व लिव्हिंगस्टन यांपैकी एक.

आणखी एक अडचण आहे. यजमानांना मे महिन्यात रुजू व्हायचे आहे. येथे थोरलीची आठवीची परीक्षा एप्रिलमध्ये संपेल. काही नातेवाइकांचे म्हणणे आहे की तिची दहावी येथेच होऊ द्यावी, आजी-आजोबांकडे ठेवावे आणि मग न्यावे. मला तिला मागे ठेवणे जिवावर येते, पण तिचे नुकसानही करायचे नाही. तसेच, सगळ्यांनी एकदम मे महिन्यात यावे की कसे?

लिनलिथगो
१५ जानेवारी २०२६, रात्री

प्रिय ताई,

तिला बरोबर आणा, आणि याच वर्षी आणा.

इकडचे इयत्तांचे गणित असे आहे. प्राथमिकची सात वर्षे, पी-१ ते पी-७. माध्यमिकची सहा, एस-१ ते एस-६. आपली जून २०१२ ची मुलगी या ऑगस्टमध्ये एस-३ मध्ये बसेल, म्हणजे तिच्या नववीच्या जागी; आणि धाकटा पी-३ मध्ये, म्हणजे दुसरीच्या जागी. दोघांचेही वर्ष वाया जात नाही. एस-४ च्या अखेरीस, मे महिन्याच्या सुमारास, ‘नॅशनल ५’ परीक्षा असतात. एस-५ मध्ये ‘हायर’, आणि विद्यापीठांचे प्रवेश प्रामुख्याने त्यांवर ठरतात. दहावी करून ती दोन वर्षांनी आली तर तिला थेट एस-५ मध्ये, येथील एकही परीक्षा न देता, हायरच्या अभ्यासाला बसावे लागेल आणि नवी भाषा, नवे मित्र, नवी थंडी हे सारे त्याच दहा महिन्यांत येईल. एस-३ हे वर्ष त्या मानाने मोकळे असते. सेमी-इंग्रजीत गणित व विज्ञान इंग्रजीतूनच झालेले असल्याने तेथे ती मागे पडणार नाही. कस लागेल तो इंग्रजी विषयात, कारण नॅशनल ५ ला स्कॉटिश साहित्यकृतीवरचा प्रश्न सक्तीचा असतो. इंग्रजी ही दुसरी भाषा असलेल्या मुलांसाठी कौन्सिलचे साहाय्यक शिक्षक असतात. प्रवेशाच्या वेळीच ही मदत मागून घ्यावी, कारण न मागणाऱ्या, शांत आणि शहाण्या मुलीकडे कोणाचे लक्ष जात नाही.

एक सूचना विशेष महत्त्वाची आहे. बऱ्याच शाळांत पुढच्या वर्षीच्या विषयांचे रकाने वसंतातच भरले जातात आणि उशिरा आलेल्या मुलांना उरलेल्या जागांतून निवड करावी लागते. त्यामुळे पत्ता निश्चित होताच शाळेला लिहा आणि भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र असे जे तिला हवे असेल ते आधीच कळवा.

येण्याविषयी: यजमानांनी मे महिन्यात एकट्याने यावे आणि तुम्ही तिघांनी जुलैत. शाळा जूनअखेर बंद होतात व ऑगस्टच्या मध्याला उघडतात. मे-जूनच्या दोन महिन्यांत यजमान स्वतः फिरून घर पाहतील. येथील खासगी भाडेकराराला ठरलेली अखेर नसते, भाडेकरूला २८ दिवसांची सूचना देऊन घर सोडता येते, आणि अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही; ती घरमालकाने मान्यताप्राप्त योजनेत जमा करायची असते. येथे आर्थिक इतिहास नसल्याने नवख्यांकडे काही महिन्यांचे भाडे आगाऊ मागितले जाते, तेवढी तजवीज पुण्याहूनच करून निघावे.

लिनलिथगोत प्राथमिक शाळा अनेक आहेत, तेव्हा धाकट्यासाठी घराचे क्षेत्र काटेकोर तपासावे लागेल. थोरलीसाठी प्रश्न सोपा आहे, गावात माध्यमिक शाळा एकच, लिनलिथगो अकॅडमी. आपण पाठवलेल्या दोन घरांपैकी स्थानकाजवळचे मला बरे वाटते. सोमवारी मी ते अंतर चालून पाहते.

लिनलिथगो
१९ जानेवारी २०२६

ताई,

आज सकाळी सव्वाआठला, म्हणजे सूर्य उगवण्यापूर्वी, त्या घराच्या दारातून निघाले. थोरलीच्या वाटेवर कालव्यापाशी थोडा चढ आहे. काठाची वाट गोठून निसरडी झाली होती, म्हणून मी फरसबंदी रस्त्याने गेले. शाळेच्या फाटकाशी २१ मिनिटांत पोहोचले आणि वाटेत मुलामुलींचे घोळकेच्या घोळके चालत होते, एकटे असे कोणी दिसले नाही. परतताना धाकट्याची वाट पाहिली. तिला नऊ मिनिटे लागतात. एकच मोठा रस्ता ओलांडावा लागतो आणि तेथे पिवळा लांब कोट घातलेल्या, हातात गोल फलकाची काठी घेतलेल्या बाई मोटारी थांबवून मुलांना पलीकडे नेतात. येथे त्यांना लॉलीपॉप लेडी म्हणतात. घरापासून स्थानकाचा फलाट सात मिनिटांवर आहे.

कौन्सिलच्या संकेतस्थळावर घरक्रमांकासह पत्ता घालून पाहिला. प्राथमिक शाळा तीच निघाली. तरीही उद्या शाळेत दूरध्वनी करून विचारते आणि कळवते. घर मे महिन्यापर्यंत रिकामे राहील याची खात्री नाही. हेच गेले तर त्याच रस्त्याच्या रेल्वेकडच्या बाजूचे दुसरे पाहू, पण कालव्यापलीकडे नको. तिकडे धाकट्याची शाळा बदलते.

आपली,
लिनलिथगोची सभासद