मदत हवी आहे: नर्सिंग होममधल्या मावशीच्या महिन्याच्या 35 डॉलरमधून काय काय कापता येतं?

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलाय, पण कॅलिफोर्नियात कुणाचे आईवडील किंवा नातेवाईक मेडि-कॅलवर (कमी उत्पन्नवाल्यांसाठीची सरकारी आरोग्ययोजना मेडिकेड, तिचं कॅलिफोर्नियातलं नाव) नर्सिंग होममध्ये असतील तर प्लीज पूर्ण वाचा.

माझी मावशी 81 वर्षांची आहे. ऐंशीच्या दशकात काकांबरोबर इकडे आली, एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत असेंब्ली लाइनवर वीसेक वर्षं काम केलं. काका गेले, मूलबाळ नाही. दोन वर्षांपूर्वी स्ट्रोक आला, उजवी बाजू गेली, आम्ही सहा महिने घरी ठेवून बघितलं पण रात्री दोनदा उचलायला लागायचं, नाही झालं आमच्याने, हे लिहिताना अजून जड जातं. साठवलेलं संपलंय, त्यामुळे आता खर्च मेडि-कॅल करतं. तिला सोशल सिक्युरिटीचे (सरकारी पेन्शनचे) महिन्याला 1,140 डॉलर येतात, त्यातले 35 तिच्या हातखर्चाला, उरलेले 1,105 शेअर ऑफ कॉस्ट (खर्चातला तिचा वाटा) म्हणून नर्सिंग होमला. तो नियम आहे, त्याबद्दल काही म्हणणं नाही.

गेल्या रविवारी मुलाला घेऊन गेले होते. त्याने वाकून नमस्कार केला तर मावशी डाव्या हाताने उशीखाली पाकीट चाचपायला लागली, त्याला खाऊला पाच डॉलर द्यायचे म्हणून, आणि पाकिटात काहीच नाही. मी पटकन माझ्या पर्समधले काढून तिच्या हातात ठेवायला गेले तर म्हणाली, "तुझे नकोत गं, माझे पैसे कुठे ठेवतात हे लोक?"

मग ऑफिसात जाऊन विचारलं. तिचे पैसे त्यांच्याकडच्या ट्रस्ट अकाउंटमध्ये जमा होतात म्हणे, आणि त्यात शिल्लक 4 डॉलर 12 सेंट. बरंच मागे लागल्यावर कागद दिला. त्यात शाम्पू, अंगाला लावायचं लोशन, डायपर, केस धुवायचे 12 डॉलर, आणि दर महिन्याला 10 डॉलर "शाकाहारी जेवण" म्हणून! ती जन्मापासून शाकाहारी आहे, आणि देतात तरी काय, तर उकडलेल्या भाज्या आणि ब्रेड. वर्षभरात तिने स्वतःसाठी एक टिकलीचं पाकीट घेतलेलं नाही. दिवाळी अंक हवा होता, तोही "असू दे, उगाच खर्च" म्हणून राहिला, तेव्हा मला वाटलं काटकसरीची सवय आहे, आता कळतंय की तिला माहीतच होतं पैसे नाहीयेत.

तर मला विचारायचंय की साबण-शाम्पू-डायपरचे पैसे या 35 मधून घेऊ शकतात का? शाकाहारी जेवणाचा जादा चार्ज लावता येतो का? आणि मी दर महिन्याला तिच्या खात्यात 50 टाकले तर मेडि-कॅलला काही अडचण येईल का? आणि भांडले तर राग तिच्यावर काढतील अशी भीती वाटते, कारण शेवटी रात्री बेल वाजवल्यावर त्यांच्यातलंच कुणीतरी यायचं असतं.

प्रतिसाद 1:
ताई, मी दुसऱ्या राज्यात नर्सिंग होममध्ये सोशल सर्व्हिसेसला आहे, पण हे नियम फेडरल आहेत, सगळीकडे तेच. साबण, शाम्पू, कंगवा, टूथपेस्ट, लोशन, डायपर, टॉवेल, रोजचे कपडे धुणं, साधं केस धुणं, नखं कापणं हे सगळं मेडिकेड जे पैसे देतं त्यातच आलं, रहिवाशाकडून एक सेंटही घेता येत नाही. ब्रँड तिने स्वतः वेगळा मागितला असेल तर गोष्ट वेगळी. फोन, टीव्ही, कपडे, पुस्तकं, फुलं, सलूनमधलं पर्म-कलर याला घेऊ शकतात, तेही आधी सांगून. जेवणात धर्म, संस्कृती, आवडीनिवडी बघणं त्यांचं काम आहे, त्यामुळे शाकाहारी असण्याचा दंड लावणं चालणार नाही.

खात्याचं म्हणाल तर पैसे त्यांच्याकडे ठेवायची सक्ती नाही, ठेवायचे तर तिची लेखी परवानगी लागते. 50 डॉलरच्या वर गेले की व्याज मिळणाऱ्या वेगळ्या खात्यात ठेवायला लागतात आणि दर तीन महिन्यांनी स्टेटमेंट द्यायलाच लागतं, मागे लागून मिळवायची गोष्ट नाही ती. लेखी पत्र द्या, तारीख घाला, कॉपी ठेवा. ऐकलं नाही तर लाँग टर्म केअर ओंबुड्समनला (नर्सिंग होममधल्या लोकांच्या तक्रारी बघणारा माणूस) फोन करा, प्रत्येक राज्यात असतो, फुकट असतो, आणि तुमच्या परवानगीशिवाय नाव सांगत नाही. तक्रारीवरून त्रास द्यायला कायद्याने मनाई आहे.

बाकी हातखर्चाची फेडरल किमान रक्कम 1988 पासून 30 डॉलरच आहे, अलास्का 200 देतं आणि तुमचं एवढं महाग राज्य 35. मला दर वेळी वाईट वाटतं.

प्रतिसाद 2:
माझे वडील तीन वर्षं नर्सिंग होममध्ये होते. रोख टाकू नका, ते तिचं उत्पन्न धरलं जाऊन शेअर ऑफ कॉस्टमध्ये जाऊ शकतं. आम्ही फोनचं बिल परस्पर कंपनीला भरायचो, अंक आणि स्वेटर घेऊन जायचो. अजून एक, कॅलिफोर्नियात जॉन्सन विरुद्ध रँक नावाच्या केसमुळे मिळालेली सोय आहे. मेडि-कॅलमध्ये न बसणारी पण डॉक्टरने लिहून दिलेली गरजेची वस्तू असेल तर तिचे पैसे त्या 1,105 मधून वळते करता येतात, 35 ला हात लावायला लागत नाही. ऑफिसवाले आपणहून सांगत नाहीत, नाव घेऊन विचारा. आम्हाला दुसऱ्याच महिन्यात मिळालं.

मूळ लेखिका:
दोघांचेही खूप खूप आभार. आज पत्र दिलं. शाम्पू, लोशन, डायपरचे पैसे परत करू म्हणाले, जेवणाचं "बघून सांगतो". परवानगीचा कागद मागितला तर त्यावर मावशीची उजव्या हाताची व्यवस्थित सही आहे, तारीख स्ट्रोकनंतरची. ती उजव्या हाताने पेनही धरू शकत नाही. मी फोटो काढून घेतलाय. हे आधी ओंबुड्समनला दाखवू की थेट वकिलाला? बे एरियात वृद्धांसाठी फुकट कायदेशीर मदत कुणी घेतली असेल तर कृपया व्यक्तिगत निरोप करा.