मोहप्याजवळ सव्वा एकर वावर पाहिलंय, घर आत्ताच बांधावं का?

ओसरी:

नमस्कार. आम्ही नागपुरात त्रिमूर्तीनगरला राहतो. मी ५४ वर्षांची, शाळेत भूगोल शिकवते. हे गेल्या मार्चमध्ये निवृत्त झाले. आई ८१ वर्षांची आहे आणि आमच्याकडेच असते. तिचं सगळं आयुष्य काटोलकडच्या कवेलूच्या (कौलांच्या) घरात गेलं. आता ती तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत बसून समोरच्या बिल्डिंगचे वाळत घातलेले कपडे पाहत असते. मला ते पाहवत नाही.

दोन वर्षांत सतरा जागा पाहिल्या. हिंगण्याकडे समृद्धी महामार्ग शिवमडक्याहून सुरू झाला आणि तिकडचे भाव आमच्या हाताबाहेर गेले. उमरेड रोडला एक जागा मनापासून आवडली होती. दलालाने दाखवलं एक वावर, सातबारा दिला शेजारच्या खसऱ्याचा (गट नंबरचा). आम्ही वावर मोजलं नाही, नकाशा पाहिला नाही आणि ५१ हजारांचा टोकन देऊन बसलो. तो परत मिळाला नाही. त्यानंतर सहा महिने हा विषय घरात निघाला नाही.

आता मोहप्याजवळ सव्वा एकर मिळतंय. सातबाऱ्यावर ०.५१ हेक्टर, भोगवटादार वर्ग १ (मालकाला विकायची मोकळीक असलेली). बाबांच्या जमिनीवर वारस म्हणून माझं नाव लागलेलं आहे, त्यामुळे शेतजमीन घ्यायला मी शेतकरी आहे का, हा प्रश्न नाही. (ती बाग भाऊ करतो, तिथे घराचा विषय मला काढायचा नाही.) ४० फुटी जुनी बांधीव विहीर आहे, एक कडुनिंब आहे. डांबरी रस्त्यापासून तीनशे मीटर पांदण (शेतातली कच्ची वाट). ऑगस्टमध्ये गेलो तेव्हा गाडी डांबरीवरच ठेवली आणि चपला हातात घेऊन चाललो. आईला दोघांनी धरून नेलं. तिने धुऱ्यावर (बांधावर) बसून माती चिमटीत घेतली आणि म्हणाली, "ही पऱ्हाटीची माती आहे, माणसाची नाही." (पऱ्हाटी म्हणजे कापूस.)

जमीन घेतल्यावर साधारण १४ लाख उरतील. यांचं म्हणणं, दिवाळीनंतर पाया घालू, उन्हाळा संपायच्या आत स्लॅब टाकू. मला भीती वाटते. पण थांबायचं म्हटलं की आईचं वय आठवतं. काय करावं?

रोही:

ताई, मी तिकडचाच, माहं वावर तुमच्या जागेपासून चार कोसावर असन. काहून घाई करून राहिले तुमी? पयले विहीर पाहा. आता ऑगस्टात पाणी हाताला लागते, त्याचं काही खरं नाही. वैशाखात काय राह्यते ते इचारजा, अन् मालकाले नाही, बाजूच्या तीन वावरवाल्याईले इचारजा. संत्र्याचा पट्टा आहे, जो तो बोर मारून राहिला. बाजूवाल्याचं बोर खोल गेलं का तुमची विहीर आटली समजा.

दुसरं, रानडुक्कर अन् रोही (नीलगाय). तुमी भाजीपाला लावान, ते रातीतून साफ करतीन. कुंपणाचे पैसे आत्ताच बाजूले ठेवा.

अन् तुमची माय बराबर बोलली. आमच्याकडे जुने लोकं काळीत घर बांधतच नव्हते. गावठाण पाहा कुठलंही, बरडीवर (मुरमाड जागेवर) राह्यते, काळी सोडून देल्ली पेरासाठी. तुमच्या वावरात पऱ्हाटी कुठं खुजी आहे का ते पाहा. एका बाजूची गुडघ्याएवढी अन् बाकीची कमरेएवढी असन, तर त्या खुज्या जागी खाली मुरूम वर आला आहे.

प्लिंथ:

वरच्या भाऊंनी सांगितलेली खूण सोन्यासारखी आहे. मी बांधकामातला माणूस, पंचवीस वर्षं याच मातीशी झगडतोय.

काळी माती पाणी प्याली की फुगते, उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात ना, तीच हालचाल भिंतीखाली होते. दिवाळीत पाया, मेमध्ये स्लॅब, म्हणजे माती सगळ्यात जास्त आकसलेली असताना तुम्ही वजन टाकणार आणि जूनमध्ये ती खालून उचलणार. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या जाणाऱ्या भेगा अशाच येतात. दाराच्या चौकटी अडकायला लागतात. प्लास्टर कितीही वेळा करा, त्या परत येतात.

जेसीबीने तीन ठिकाणी खड्डे घ्या. मुरूम चार-पाच फुटांवर लागला तर काळी माती पूर्ण काढून मुरमापर्यंत पाया न्या. दहा फुटांवरही लागला नाही, तर बुडाशी फुगीर गोळा असलेले पाइल (जमिनीत ओतलेले काँक्रीटचे खांब) आणि वर प्लिंथ बीम (जोत्याच्या पातळीवरची काँक्रीटची तुळई). हे पाइल काळ्या मातीत निदान साडेतीन मीटर खोल हवेत. तुमच्या १४ लाखांतला मोठा वाटा तिथेच जाईल, घर दिसायच्या आधी. घराभोवती चारही बाजूंनी उताराची फरशी करा आणि न्हाणीघराचं पाणी भिंतीलगत मुरू देऊ नका. कडुनिंबाची सावली हवी असते, पण त्याच्या उंचीइतकं तरी अंतर ठेवा. मुळं माती कोरडी करतात आणि तेवढीच बाजू खचते.

माझं मत, एक उन्हाळा आणि एक पावसाळा ती जागा पाहा, मग बांधा.

निस्तार:

मॅडम, मी महसूल खात्यात नोकरी केली, म्हणून कागदांचं सांगतो. फक्त सातबारा पाहून व्यवहार करू नका. इतर हक्काचा रकाना वाचा, जुने फेरफार (मालकी बदलल्याच्या नोंदी) काढा. पटवाऱ्याकडे निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज (गावाच्या सामाईक वाटा, पाणी अशा हक्कांच्या नोंदी) बघायला मागा. पांदण त्यात असेल तर ती सगळ्यांची. नसेल तर उद्या कोणी धुरा फोडून वाट बंद केली की जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदाराकडे अर्ज करत बसावं लागेल.

आसपास झुडपी जंगल (खुरट्या झुडपांची जमीन) अशा नोंदीचा खसरा आहे का, हेही तपासा. पूर्व विदर्भात हे फार आहे. २२ मे २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगल हे वनच मानलं आहे. तुमची वाट अशा तुकड्यातून जात असेल तर ती पक्की करताना अडचण येईल.

घराबाबत: कलम ४१ प्रमाणे ०.४ ते ०.६ हेक्टर जमिनीवर शेतघराचं जोतं १५० चौरस मीटरपर्यंत. तुमचं ०.५१ त्यात बसतं. गाव महानगर प्रदेश प्राधिकरणाच्या हद्दीत येतं का, ते विचारून परवानगी कुठून घ्यायची ते ठरवा. आणि विसारपत्राआधी सरकारी मोजणी. ५१ हजार गेले तेवढे पुरे.

ओसरी:

तुम्हा तिघांचे मनापासून आभार. रविवारी परत गेलो. आईला घेऊनच गेलो, ती मागे राहायला तयार नव्हती.

रोहीभाऊ, पऱ्हाटी खरंच खुजी आहे. पांदणीच्या बाजूच्या वायव्य कोपऱ्यात, साधारण सहा-सात गुंठ्यांत. मी भूगोल शिकवते, पठारावर मातीचा थर कुठे पातळ आणि कुठे जाड हे फळ्यावर दरवर्षी काढते, आणि समोरचं पीक वाचायचं मला सुचलं नाही. यांनी टिकाशीने खणलं, दोन फुटांवर पिवळा मुरूम लागला. विहिरीजवळ, जिथे आम्ही घर मनात धरलं होतं, तिथे पाच फुटांपर्यंत काळीच.

प्लिंथदादा, तुमचं सगळं पटलं, एक सोडून. वर्षभर नुसतं पाहत थांबणं मला जमणार नाही. आईने किती उन्हाळे वाट पाहायची? म्हणून असं ठरवलंय: मोठं घर नाही, स्लॅब नाही. परवानगी मिळाली की मुरमाच्या कोपऱ्यात दोन खोल्या, वर कवेलू, पश्चिमेला रुंद छपरी. ओतीव छत नको म्हटल्यावर भिंतींवर वजनही कमी येईल. उरलेले पैसे कुंपणाला आणि विहिरीचा गाळ काढायला. बाजूच्या दोघांना विचारलं, वैशाखात त्यांच्या विहिरींत चार-पाच फूट पाणी राहतं म्हणाले. तिसरे भेटले नाहीत, त्यांचंच बोर नवं आहे.

पांदण निस्तार पत्रकात आहे, स्वतः वाचून आले. पण शेजारचे म्हणतात, तो वायव्य कोपरा अर्धा त्यांचा, धुरा सरकलेला आहे. मालक म्हणतो, नाही. मोजणीचा अर्ज त्यालाच करायला लावला आहे, द्रुतगती मोजणीच्या फीचे पैसे आम्ही देऊ म्हटलं. मोजणीच्या दिवशी दोन्ही शेजाऱ्यांची सही घ्यावी लागते का, आणि ते आलेच नाहीत तर काय होतं? निस्तारकाका, एवढं सांगाल?