मदत हवी आहे : ग्रॅमीची नामांकनं नेमकी ठरतात कशी?

ग्रॅमी या अमेरिकी संगीत पुरस्कारांच्या नामांकनांची यादी पाहून या वर्षीही जीव हळहळला. वर्षभर ज्या अल्बमनं मला धरून ठेवलं, त्याचा कुठेच पत्ता नाही. त्यातल्या चौथ्या गाण्यात गायिका श्वास घेते, क्षणभर सगळं थांबतं आणि मग एकटा चेलो सुरू होतो. दिवा मालवून हेडफोनवर किती वेळा ऐकलंय ते! आणि यादीत मात्र पुन्हा तीच ठरलेली नावं.

२०२० च्या नोव्हेंबरमध्ये 'ब्लाइंडिंग लाइट्स' हे गाणं एवढं गाजूनही त्याचा गायक द वीकेंड याला एकही नामांकन मिळालं नव्हतं. नंतर २०२१ मध्ये बहुतेक विभागांतल्या गुप्त निवड समित्या रद्द झाल्या, मतदान थेट ग्रॅमी देणाऱ्या रेकॉर्डिंग अकादमीच्या सदस्यांकडे गेलं. मला तेव्हा फार आशा वाटली होती.

आता माझी अडचण अशी. हजारो प्रवेशिका असताना पहिल्या फेरीत मतदार सगळं खरंच ऐकतात का, की ओळखीच्या नावावर खूण करतात? छोट्या, स्वतंत्र कलाकाराकडे प्रचाराला पैसा नसेल तर त्याचं काम मतदारांच्या कानापर्यंत पोहोचतं तरी कसं?

कुणी स्वतः मतदान केलंय किंवा प्रवेशिका पाठवलीय का? कृपया सविस्तर लिहा.