आंतरवासिता (बी.एड.मधला शाळेत शिकवण्याचा सराव) : पाठ वेळेत संपत नाही

प्रश्न : बी.एड. दुसरं वर्ष, साताऱ्याजवळच्या शाळेत आठवीला गणित. तास ३५ मिनिटांचा. टाचणातलं (पाठाच्या लेखी आराखड्यातलं) निम्मंच होतं, मूल्यमापन राहून जातं. काय करावं?

उत्तर १ : टाचणात चार-पाच उद्दिष्टं असतील तर घोळ तिथंच आहे. एका तासाला दोनच ठेवा. हजेरी आणि वह्या काढण्यात ५ मिनिटं जातातच, म्हणून पाठ ३० मिनिटांचाच आखा. प्रस्तावनेला तीन प्रश्न पुरे.

उत्तर २ : ‘समजलं का?’ विचारूच नका, सगळी पोरं ‘हो’ म्हणतात. एक गणित वहीत सोडवायला द्या आणि मागच्या बाकापर्यंत फिरा. वजा चिन्ह कंसाबाहेर काढताना किती जण अडकतात ते तिथंच दिसतं. हेच तुमचं मूल्यमापन.

उत्तर ३ : आंतरवासितेचे १६ आठवडे हातात आहेत. आधी विषयशिक्षकांचे तास मागे बसून बघा, मॅडम.