गंडरादित्यानं शिव, बुद्ध, जिन एकाच काठावर बसवले, मग आपण नुसतं भांडणच का शिकवायचं?

करवीरकर: काल रंकाळ्यावर परत तोच वाद, एक म्हणतो सगळी देवळं आधी बौद्ध विहारच होती, दुसरा म्हणतो बौद्ध म्हणजे हिंदूंचीच शाखा. दोन्ही मला पटत नाही. दान कुणी कुणाला दिलं ते बघा की. आपल्या कोल्हापूरच्या शिलाहार घराण्यातल्या गंडरादित्य राजाचा शके 1032 चा (1110) ताम्रपट आहे, मिरज भागात त्यानं गंडसमुद्र तलाव बांधला, काठावर शिव, बुद्ध, जिन (जैन तीर्थंकर) तिघांना बसवलं आणि तिघांनाही जमीन लावून दिली. नाशिकच्या 3 नंबरच्या लेण्यात सातवाहन राणी गौतमी बलश्री आपल्या पोराला, गौतमीपुत्र सातकर्णीला, ‘एकबम्हण’ (एकमेव ब्राह्मण) म्हणते आणि तेच लेणं बौद्ध भिक्षूंना देते. लोक दोन्हीकडं जात होते, शाळेत मात्र दोन वेगळे धडे.

माणगावची लेक: दादा, बलश्रीचा तोच लेख पुढं वाचा ना. चार वर्णांचा संकर थांबवला म्हणून त्याच राजाचं कौतुक केलंय त्यात! म्हणजे लेणं भिक्षूंना आणि समाज वर्णाच्या चौकटीत. राजानं दोघांना दान दिलं म्हणून खाली सगळं गोडीगुलाबीनं चाललं होतं असं कसं म्हणता? आमच्या गावात 1920 च्या मार्चमध्ये परिषद झाली, शाहू महाराज स्वतः आले, बाबासाहेब अध्यक्ष होते, ती अस्पृश्यतेवर होती. पुढं 1956 ला लाखो लोकांनी नागपुरात धम्म घेतला तो काय शाखा बदलायला? समन्वय समन्वय करून तुम्ही हे सगळं पुसून टाकताय.

पोहाळेवाट: ताईंचा मुद्दा बरोबर आहे पण नुसते राजेच नव्हते ओ. कार्ल्याच्या लेण्यातल्या चैत्याचं (बौद्ध प्रार्थनागृहाचं) दार सामी नावाच्या सुतारानं केलं, धेनुकाकटचा, त्याचं नाव तिथं कोरलंय. कारागिराला नावानिशी जागा मिळाली ही साधी गोष्ट नाही. आणि आज त्याच चैत्यासमोर एकवीरेचं देऊळ आहे, नवसाला गर्दी असते, ते कधी आणि कसं झालं हेच अभ्यासायला पाहिजे, लेणं आधी का देऊळ आधी एवढ्यावरच थांबून चालणार नाही.

करवीरकर: पुसायचं नाही ताई. ‘एकबम्हण’ आणि वर्णसंकराची ओळ, दोन्ही पोरांसमोर ठेवा, एकाच तासाला. भांडणही दिसू दे, देवाणघेवाणही.

माणगावची लेक: ठेवा, पण मग हेही विचारा, सुतार सापडला, मेलेलं जनावर ओढणारा कुठल्या लेखात आहे? ज्याच्याकडं द्यायलाच काही नव्हतं त्याचा इतिहास दानलेखात शोधून मिळणार नाही.