मांसाहार सोडल्यावर पैसे खरंच वाचतात का? आणि चवीचं काय?

पाटीपेन्सिल:
आठ महिने झाले, आमच्या घरात मटण, चिकन, मासे बंद आहेत. दूध आणि अंडी चालू आहेत. का सोडलं, हा वेगळा विषय, त्यात शिरत नाही. मला बोलायचंय ते खिशाबद्दल आणि जिभेबद्दल.

आधी खिसा. पहिले दोन महिने खर्च चक्क वाढला. चूक माझीच होती. मी मांसाच्या जागी मांसासारखंच काहीतरी शोधत होते, म्हणजे गोठवलेल्या पॅटी, वनस्पतीजन्य खिमा, सॉसेज. ही पाकिटं खऱ्या चिकनपेक्षा महाग पडतात. तिसऱ्या महिन्यात ती बंद केली आणि मसूर, राजमा, हरभरा, सोयाबीन यांच्यावर आले. तेव्हापासून वहीतला आकडा उतरला तो उतरलाच. साधी गोष्ट आहे. मांस शिजताना आटतं, साधारण पाव वजन जातं, शिवाय हाडांचेही पैसे आपण मोजलेले असतात. कोरडा मसूर शिजून दुपटीहून जास्त होतो.

आता जीभ. पहिला महिना जेवून उठल्यावर जेवल्यासारखं वाटायचं नाही. पोट भरलेलं, पण काहीतरी राहून गेल्यासारखं. मग कळलं की मला मांसाची नाही, उमामीची, म्हणजे रश्श्यात लागणाऱ्या त्या भरीव, रुचकर चवीची आठवण येत होती. १९०८ मध्ये किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने समुद्री शेवाळाच्या पाण्यातून ही चव शोधली, ती ग्लुटामेटची. टोमॅटोत ग्लुटामेट असतं, सोया सॉसमध्ये असतं. सुकवलेल्या शिताके मशरूममध्ये ग्वानिलेट हे उमामीचं दुसरं द्रव्य असतं. ही दोन एकत्र आली की चव नुसती बेरीज होऊन थांबत नाही, कितीतरी पटीने वाढते. आता मी सुके मशरूम भिजवलेलं पाणी टाकत नाही. कांदा गडद होईपर्यंत परतते, टोमॅटो तेल सुटेपर्यंत आटवते आणि ते तपकिरी पाणी वर ओतते. त्या दिवशी ताटात काही कमी आहे असं घरात कुणी म्हणत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. नक्कल विकत घेतलीत तर महाग आणि बेचव, डाळी-कडधान्यं नीट रांधलीत तर स्वस्त आणि चविष्ट.

रात्रपाळी:
असहमत. तुमच्या वहीत तुमचा वेळ कुठे लिहिलाय?

मी पाळीत काम करतो. घरी येतो तेव्हा अंगात त्राण नसतं. चिकनचे तुकडे तव्यावर टाकले की पंचवीस मिनिटांत जेवण. राजमा आदल्या दिवशी आठवणीने भिजवायचा, मग कुकर, मग तुमचा तो गडद कांदा. कांदा नीट लाल व्हायलाच अर्धा तास जातो. भिजवायचं विसरलो की त्या दिवशी बाहेरून मागवावं लागतं आणि आठवड्याची बचत एका जेवणात जाते. पैसा वाचला म्हणता, तो कुणाच्या तरी ओट्यापाशी उभं राहण्यातून वाचलाय. बहुतेक घरांत ते 'कुणीतरी' कोण असतं, हे मी सांगायला नको.

चवीचंही अर्धंच सांगितलंत. उमामी सगळ्याच मांसात असते. बकऱ्याचं मांस बकऱ्याचं आणि कोंबडीचं कोंबडीचं वाटतं ते मुख्यतः चरबीच्या वासामुळे. मशरूमच्या पाण्यात तो वास कुठून आणणार?

कोरा कागद:
वरच्या प्रतिसादाशी सहमत, आणि आणखी एक हिशेब राहिलाय. किलोला किलो मोजू नका, प्रथिनं मोजा. शिजलेल्या मसुराच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ९ ग्रॅम प्रथिनं, शिजलेल्या कोंबडीच्या छातीच्या मांसात ३१. मसूर पाण्याने फुगतो, ती काही कमाई नव्हे.

आणि बी-१२ जीवनसत्त्व. मी मांस, दूध, अंडी सगळं एकदम सोडलं होतं. दोन वर्षं मस्त गेली. यकृतात बी-१२ चा साठा असतो, तो वर्षानुवर्षं पुरतो, म्हणून काही जाणवत नाही. मग तळपायांना मुंग्या यायला लागल्या. मी चपलांना दोष दिला, बदलल्या, काही महिने असेच घालवले. रक्त तपासल्यावर कळलं. दिवसाला लागतं अवघं २.४ मायक्रोग्रॅम, पण धान्य, डाळी, भाज्यांत ते भरवशाचं मिळत नाही. तपासण्या, इंजेक्शनं आणि आता कायमच्या गोळ्या. हा खर्चही वहीत आला पाहिजे.

उंबरठा:
बी-१२ बद्दल दुमत नाही. दूध-अंडी सोडणाऱ्याने गोळी पहिल्या दिवसापासून घ्यावी, मुंग्यांची वाट पाहू नये. पण गोळी महाग नसते, महाग पडतो तो उशीर.

प्रथिनांचं गणित मात्र सोयीचं घेतलंत. सोयाबीनच्या कोरड्या वड्यांमध्ये १०० ग्रॅमला जवळपास ५० ग्रॅम प्रथिनं असतात. मसुरावरच का थांबायचं?

खर्चाबद्दल २०२१ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी १५० देशांच्या किमती घेऊन अभ्यास केला होता. श्रीमंत देशांत वनस्पतीजन्य आहार सध्याच्या आहारापेक्षा एक तृतीयांशापर्यंत स्वस्त निघाला. त्यात तयार पाकिटं आणि बाहेरचं खाणं धरलेलं नव्हतं, म्हणजे धागाकर्तीचं म्हणणं तंतोतंत तेच.

रात्रपाळी:
त्याच अभ्यासाचा पुढचा भाग का गाळलात? गरीब देशांत तोच आहार लोकांच्या सध्याच्या ताटापेक्षा महाग निघाला होता.

उंबरठा:
गाळायला नको होता, मान्य. पण तिथलं सध्याचं ताट मांसाने भरलेलं नसतं, बहुतेक धान्यच असतं. फळं, भाज्या, डाळी वाढवल्या की खर्च वाढणारच. त्यावरून मांस स्वस्त आहे असं ठरत नाही.

पाटीपेन्सिल:
रात्रपाळी, तुमचा वेळेचा मुद्दा मला लागला. तीन दिवस तो मनातून गेला नाही, म्हणून घड्याळ लावून बघितलं. रोज रांधायला मला आधीपेक्षा पाऊण तास जास्त लागतो. ते मी वहीत लिहिलं नव्हतं आणि घरात कुणी विचारलंही नव्हतं. परवापासून भिजवणं आणि कांदा परतणं नवऱ्याकडे दिलंय. रविवारी आठवड्याचा कांदा-टोमॅटो एकदम परतून डब्यांत भरून गोठवतो. मसूर तर भिजवावाही लागत नाही, वीस-पंचवीस मिनिटांत शिजतो.

चरबीच्या वासाबद्दल तुमचंच बरोबर. तो वास माझ्या स्वयंपाकात नाही आणि मला अजून कधीकधी त्याची आठवण येते. पण सोयावड्यांना नावं ठेवण्याआधी त्या पिळून बघा. मिठाच्या पाण्यात उकळायच्या, निथळायच्या आणि मुठीत घट्ट दाबायच्या. जे फेसाळ, पिवळट पाणी निघतं त्याचा वास घ्या. लोकांना आवडत नाही तो हा वास. दोनदा धुऊन पिळल्या की वडी कोऱ्या स्पंजसारखी होते, मग रस्सा आत शिरतो. न पिळता टाकली तर आत पाणीच असतं, चव जाणार कुठे?

रात्रपाळी:
मी मांस सोडणार नाही, हे आधीच सांगतो. पण महिनाअखेरीला खिमा परवडत नाही हेही खरं. निम्मा खिमा, निम्मा मसूर केला तर लगदा होतो, एकदा करून टाकून दिलाय. काय चुकतंय?

पाटीपेन्सिल:
मसूर कुकरला लावत असाल. अख्खा, सालीचा घ्या, उघड्या पातेल्यात शिजवा आणि दाताखाली दाणा लागतोय तोवर उतरवून पूर्ण निथळून घ्या. खिमा आधी एकटाच मोठ्या आचेवर परता. त्याचं पाणी आटून तो तळाला लागायला लागला की मगच मसूर घाला. मीठ शेवटी चाखून घाला.